मुंडकी, साले आणि मुरमासळी

दूधदुभते करणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी ‘मुरघास’ हा एक सुरेख शब्द आहे. हिरवा मका किंवा ज्वारीची ताटे बारीक कापून खड्ड्यात नाही तर पिशवीत दाबून भरतात, मध्ये हवा राहू देत नाहीत, आणि तो चारा आपल्याच आंबटपणात महिनोन्महिने टिकतो. लोणचे मुरते तसे गवत मुरते, म्हणून मुरघास. इंग्रजीतल्या ‘सायलेज’ या शब्दात चारा साठवायच्या खड्ड्याचा निर्देश आहे. मराठी शब्दात आत काय घडते ते सांगितले आहे. वर्गात शिकवताना कोणता शब्द अधिक उपयोगी पडतो, हे शिक्षकांना सांगायला नको.

समुद्रकिनाऱ्यावर नेमकी हीच युक्ती मासळीवर केली, तर मात्र तिला आपल्याकडे नाव नाही. जाणकार मंडळी ‘फिश सायलेज’ म्हणतात आणि पुढे जातात. मी गोव्यात तीस वर्षे उच्च माध्यमिक वर्गांना रसायनशास्त्र शिकवले. एकदा या विषयावर बोलताना मुरघासाचा दाखला दिला, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी सहज म्हणाली, “म्हणजे मुरमासळी!” तेव्हापासून मी तोच शब्द वापरतो, आणि या लेखातही वापरणार आहे.

भाषेच्या वार्षिकात मासळीच्या आतड्यांवर लेख कशाला, असे कोणाला वाटेल. माझे म्हणणे असे की, मासळीचा कचरा पोषणात बदलणे हा विषय यंत्रांपेक्षा वेळेचा आणि नावांचा अधिक आहे. ज्या वस्तूला वेगळे नाव असते ती वेगळी ठेवली जाते. जिचे नाव पुसले जाते ती शेजारच्या वस्तूत मिसळते आणि दोन्ही नासतात.

मासळी बाजारात कापणीला बसलेल्या बाईच्या आदोळीपुढे थोडा वेळ उभे राहून पाहावे. इसवणाचे खवले उडतात, कल्ले ओढून काढले जातात, पर आणि शेपटी छाटली जाते, पोट फाडून आतडी व पित्त बाहेर येते, गाबोळी असली तर ती हळूच बाजूला. मग मुंडके आणि मधला काटा. कोलंबी असेल तर डोकी, साले आणि पाठीतला काळा दोरा. कुर्लीचे कवच वेगळे, तिसऱ्यांच्या शिंपा वेगळ्या. प्रत्येकाला नाव आहे, कारण प्रत्येकाचा गुण वेगळा आहे आणि तो कधी काळी कोणाच्या तरी उपयोगाचा होता. शिंपा भट्टीत जाळून चुना होत असे. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी ज्या पातळ, दुधी चकत्या बसवलेल्या दिसतात, त्याही शिंपल्यांच्याच. चिखलीच्या खाडीत ती जात अजून आढळते. घोळ माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला पालघरकडे ‘बोत’ म्हणतात, आणि तिला मिळणारा भाव ऐकून शाकाहारी माणूसही कान टवकारतो. तसल्या पिशव्यांपासून केलेला पदार्थ युरोपात मद्य निवळायला वापरत आले आहेत. सुकट तर आपण डोक्यासालांसकट खातो. किसमूर खाणाऱ्याला कॅल्शियम कुठून मिळते, याचे उत्तर त्या सालांत आहे.

रसायनशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर खवल्यांत आणि काट्यांत कॅल्शियम फॉस्फेट व कोलॅजेन नावाचे प्रथिन, आतड्यांत पचन घडवणारी विकरे, मुंडक्यात मेद, सालांत कॅल्शियम कार्बोनेट आणि कायटिन, तर शिंपांत जवळजवळ निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट. हे सगळे एका बादलीत पडले, वर बर्फाचे पाणी आणि प्लास्टिकची पिशवी पडली, की सरकारी फलकावरचा एकच शब्द उरतो : ओला कचरा. मासे कापणाऱ्या एका वयस्क बाईंना मी एकदा विचारले की या कचऱ्याचे पुढे काय होते. त्या मान वर न करता म्हणाल्या, “हो कोयर न्हय, मास्तर. कोयर तुमी करतात.” इतके नेमके वाक्य मला कोणत्याही अहवालात सापडलेले नाही.

आता वेळेकडे वळू. मासा मेला की त्याच्या शरीरात दोन कामे सुरू होतात. पहिले काम त्याच्या स्वतःच्या पाचक विकरांचे. जिवंतपणी ती खाल्लेले अन्न पचवत होती. आता त्यांना आवर घालणारे कोणी नसल्याने ती माशालाच पचवू लागतात. दुसरे काम जीवाणूंचे. समुद्रातल्या माशांच्या शरीरात खाऱ्या पाण्याशी तोल राखण्यासाठी ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य असते. त्याला वास नसतो. जीवाणू त्यातला ऑक्सिजन काढून घेतात आणि मागे उरते ते ट्रायमिथिलअमाइन, म्हणजेच ज्याला आपण मासळीचा वास म्हणतो तो. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. आम्लाशी गाठ पडली की त्याचे क्षार होतात, आणि क्षार हवेत उडत नसल्यामुळे वास बसतो. कालवणात सोलां, चिंच, बिंबली किंवा माडाचा शिर्का का पडतो, याचे चवीइतकेच हेही एक कारण. आपल्या स्वयंपाकघरांनी हे कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधी ओळखले होते.

या दोन कामांपैकी दुसरे थांबवायचे आणि पहिले चालू द्यायचे, ही मुरमासळीची सगळी युक्ती. आम्लता पुरेशी वाढवली, म्हणजे सामू ४ च्या खाली नेला, की कुजवणाऱ्या बहुतेक जीवाणूंची वाढ खुंटते. पण माशाच्या पोटातले पेप्सिन हे विकर आम्लातच जोमाने काम करते. आपल्याही पोटात ते तसेच करते. परिणामी मासा कुजत नाही, पचतो. प्रथिनांच्या लांबलचक साखळ्या तुटून लहान तुकडे आणि अमिनो आम्ले होतात, आणि चारपाच दिवसांत घट्ट लगद्याचा पातळ रस बनतो.

ही कल्पना चाऱ्याकडून मासळीकडे आली, हे मला विशेष वाटते. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्टुरी इल्मारी विर्टानेन यांनी १९२० च्या दशकात एका अगदी घरगुती अडचणीवर काम केले. तिकडचा हिवाळा लांब, त्या काळात गुरांना हिरवा चारा नाही, आणि साठवलेल्या चाऱ्यातली प्रथिने नासून जात. ताज्या चाऱ्यात सौम्य केलेले खनिज आम्ल मिसळून सामू एकदम ४ च्या खाली आणला तर चारा टिकतो, हे त्यांनी दाखवले. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘एआयव्ही’ पद्धत म्हणून ओळखली गेली आणि १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मुख्यतः याच कामासाठी मिळाले. उत्तर युरोपातल्या लोकांनी पुढे हीच पद्धत मासळीच्या टाकाऊ भागांवर करून पाहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कमध्ये तिचा व्यवसायही झाला. तेव्हा मुरघासावरून मुरमासळी हा शब्द केला, तर तो नुसता यमकाचा खेळ ठरत नाही. इतिहासाची वाटही तीच आहे.

आपल्याकडे कोचीची केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्था १९५७ पासून मासळीच्या प्रक्रियेवर संशोधन करते, आणि टाकाऊ भागांपासून मुरमासळी, पिकांवर फवारायचे द्रावण, कायटिन वगैरे करण्याच्या पद्धती तिने बसवल्या आहेत. कृती सोपी आहे. मुंडकी, आतडी, काटे ताजे असतानाच बारीक करायचे, प्लास्टिकच्या पिंपात घालायचे, वजनाच्या सुमारे ३ टक्के फॉर्मिक आम्ल मिसळायचे आणि रोज ढवळायचे. आतडी वगळायची नाहीत, कारण पचवणारी विकरे त्यांतच असतात. धातूचे भांडे चालत नाही. आम्ल ते खाते. फॉर्मिक आम्ल म्हणजे मुंगी चावल्यावर जे झोंबते ते. जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १६७१ मध्ये मुंग्यांचा अर्क काढूनच ते वेगळे केले, आणि लॅटिनमध्ये मुंगीला ‘फॉर्मिका’ म्हणतात म्हणून हे नाव. रबराची लागवड करणाऱ्यांना ते नवे नाही. चीक गोठवायला ते हेच वापरतात. मात्र तीव्र फॉर्मिक आम्ल कातडी आणि डोळे जाळते. हातमोजे व चष्म्याशिवाय त्याला हात लावू नये, आणि शाळेत तर शिक्षकाने स्वतःच ओतावे.

ज्यांना आम्ल नको त्यांच्यासाठी दुसरी वाट गुळाची आहे. मासळीचा बारीक केलेला टाकाऊ भाग आणि गूळ समभाग घेऊन झाकून ठेवतात. गुळाच्या अतिगोडीने कुजवणारे जीवाणू मागे पडतात, दुग्धाम्ल तयार करणारे पुढे सरसावतात, आणि मिश्रण स्वतःच आंबट होते. तीनेक आठवड्यांनी रस गाळून घ्यायचा आणि लिटरभर पाण्यात ५ मिलिलिटर या बेताने पिकावर फवारायचा. तामिळनाडूतले शेतकरी याला ‘मीन अमिलम’ म्हणतात. त्यांनी नाव ठेवले, म्हणून ते एका शेतातून दुसऱ्या शेतात गेले, असे मला नेहमी वाटते. ‘फर्मेंटेड फिश हायड्रोलायझेट’ कोणी बांधावरून ओरडून शेजाऱ्याला सांगणार नाही.

आम्ही शाळेत जे पिंप भरले त्यात तिसऱ्या दिवशी मुंडक्यांचा आकार ओळखू येईनासा झाला. पाचव्या दिवशी वर तेलाचा तवंग, मध्ये तपकिरी रस आणि तळाशी काट्यांचा थर, असे तीन भाग दिसू लागले. वास होता, पण कुजकेपणाचा नव्हता. आंबूस, किंचित खमंग. मुलांनी ‘शिर्क्यात पडलेले सुके बांगडे’ असे त्याचे वर्णन वहीत लिहिले आणि मी ते खोडले नाही. तेल काढून घेतलेला रस भाताच्या कोंड्यात कालवून कोंबड्यांना घालता येतो. तेल राहिले तर अंड्याला मासळीचा वास येतो, एवढे लक्षात ठेवावे.

मग या रसात पोषण आहे तरी किती? थोडा हिशेब करू. मासळीच्या ओल्या टाकाऊ भागात १५ टक्के प्रथिने धरली आणि प्रथिनांच्या वजनाचा १६ टक्के भाग नत्राचा असतो हे ध्यानात घेतले, तर १ टनात २४ किलो नत्र निघते. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे एक टन ‘कचरा’ सुमारे ५२ किलो युरियाच्या तोडीचा, आजच्या ४५ किलोच्या गोणीपेक्षा थोडा जास्त. माडाला वर्षाला अर्धा किलो नत्र द्यावे अशी शिफारस आहे. त्या मापाने ४८ माडांची वर्षाची सोय. ज्यांना हा आकडा मोठा वाटेल त्यांनी एक टनासाठी किती मुंडकी लागतात ते आठवावे, आणि ज्यांना लहान वाटेल त्यांनी बाजारातून रोज किती बादल्या उचलल्या जातात ते पाहावे. नत्राबरोबर काट्यांतले स्फुरद आणि कॅल्शियमही मिळते, ते वेगळे.

एक उणीवही सांगितली पाहिजे, कारण उत्साही लेखांत ती बहुधा गाळली जाते. माडाला सर्वांत जास्त लागते ते पालाश. शिफारस झाडामागे वर्षाला १२०० ग्रॅमची आहे. मासळीत पालाश फारच थोडे. नुसती मुरमासळी घालून माड सुखी होणार नाही. आता आपल्या आज्यापणज्यांची रीत पाहा. पावसाच्या तोंडावर माडाच्या आळ्यात मासळी, मीठ आणि चुलीतली राख घालत. राखेत पालाश असते, तेव्हा मासळीची उणीव राखेने भरून निघाली. मिठाला मात्र शिकलेली माणसे हसत असत. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लोरीन हे माडाचे पोषकद्रव्य आहे असे दिसून आले, आणि फिलिपाइन्समध्ये तर माडांना मीठ घालण्याची रीतसर शिफारस झाली. जुने ते सगळे शहाणपणाचे असते असे मी मानत नाही. पण हे त्रिकूट खरोखर जमलेले होते.

किनाऱ्यावर ही रीत नुसती घरगुतीही राहिली नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रास इलाख्याच्या मत्स्यविभागात सर फ्रेडरिक निकल्सन यांनी मलबारच्या तारल्यांवर लक्ष घातले. भरपूर पडलेल्या तारल्या किनाऱ्यावर वाळवून खत म्हणून विकल्या जात आणि त्यांतले तेल वाया जाई. मोठ्या कढयांत उकळून, दाबून, तेल एकीकडे आणि पेंड दुसरीकडे काढण्याची साधी पद्धत त्यांनी रुजवली. मलबार आणि दक्षिण कॅनराच्या किनाऱ्यावर असे अनेक लहान कारखाने उभे राहिले. पेंड ‘फिश गुआनो’ या नावाने चहाकॉफीच्या मळ्यांना गेली.

आता सालांकडे यावे लागेल. आमच्या पिंपात मुंडकी विरघळली, पण चुकून आलेली कोलंबीची साले जशीच्या तशी राहिली. पेप्सिनला ती पचत नाहीत, कारण सालाचा सांगाडा प्रथिनाचा नसून कायटिनचा असतो. कायटिन म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब साखळी, लाकडातल्या सेल्युलोजची सख्खी बहीण. फरक इतकाच की तिच्या प्रत्येक दुव्याला नत्र असलेला एक गट चिकटलेला आहे. हेन्री ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला १८११ मध्ये हे द्रव्य अळंब्यांत सापडले. १८२३ मध्ये ओगुस्त ओदिए यांना ते कीटकांच्या कवचात सापडले आणि ग्रीक भाषेतल्या ‘अंगरखा’ या अर्थाच्या शब्दावरून त्यांनी त्याला कायटिन नाव दिले. कोलंबीच्या अंगरख्याला हे नाव चपखल बसते.

कोलंबीच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग डोक्यासालांत जातो. २०१५ मध्ये सिंगापूरच्या दोन संशोधकांनी ‘नेचर’ साप्ताहिकात मांडलेल्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी कोलंबी, कुर्ली, शेवंड यांच्या कवचांचा ६० ते ८० लाख टन कचरा निघतो. त्यात प्रथिने २० ते ४० टक्के, कॅल्शियम कार्बोनेट २० ते ५० टक्के आणि कायटिन १५ ते ४० टक्के. रूढ पद्धतीत हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढतात, सौम्य कॉस्टिक सोड्याने प्रथिने काढतात, आणि उरलेले कायटिन तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवून त्याचे कायटोसॅन करतात. कायटिन पाण्यात काय, शिर्क्यातही विरघळत नाही. कायटोसॅन शिर्क्यासारख्या सौम्य आम्लात विरघळते, आणि त्यामुळे त्याचे पापुद्रे, जेल, धागे बनवता येतात. त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. पाण्यातला गढूळपणा आणि रक्तपेशींचे पृष्ठभाग ऋण भाराचे. तेव्हा गढूळ पाणी निवळणे आणि जखमेतले रक्त थांबवणे ही दोन अगदी वेगळी दिसणारी कामे ते एकाच गुणाने करते.

पण मला या उद्योगाबद्दल एक तक्रार आहे. आम्ल आणि सोड्याने धुतलेले पाणी कुठे जाते? त्याबरोबर सालांतली प्रथिने आणि तांबडे रंगद्रव्यही वाहून जाते, म्हणजे तीनपैकी एक वस्तू ठेवून दोन टाकल्या आणि वर दूषित पाणी निर्माण केले. ते रंगद्रव्य अ‍ॅस्टाझँथिन. कोलंबी शिजवल्यावर तांबडी का होते असा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच. जिवंत कोलंबीत ते एका प्रथिनाला बांधलेले असल्यामुळे करडे-निळसर दिसते, उष्णतेने प्रथिन उलगडले की खरा रंग मोकळा होतो. परदेशात पाळलेल्या सामन माशाचे मांस गुलाबी व्हावे म्हणून हेच द्रव्य खाद्यात मुद्दाम घालतात. दुग्धाम्ल करणाऱ्या जीवाणूंकडून साले आंबवून प्रथिने, रंग आणि कायटिन तिन्ही राखण्याच्या पद्धती आता आहेत. त्या मंद आहेत, पण माझे मत त्यांच्याकडे झुकते.

शेतकऱ्याला तर कायटोसॅनचीही गरज नाही. साले वाळवून, कुटून मातीत मिसळली की कायटिन खाणारे जीवाणू तिथे वाढतात. बुरशीची पेशीभित्ती आणि सूत्रकृमींच्या अंड्यांची कवचे कायटिनचीच असल्याने या जीवाणूंची विकरे त्यांच्यावरही चालतात. भरीला, कायटिनचे तुकडे मुळांना जाणवले की बुरशी आली असे समजून झाड आपली संरक्षणयंत्रणा जागी करते. फसवणूकच ही, पण हिताची.

मत्स्यशेतीचा टाकाऊ भाग याहून वेगळा असतो, कारण तो हातात धरता येत नाही. भारतात २००९ पासून परवानगी मिळालेली व्हनामी कोलंबी तळ्यात वाढवतात. तिला घातलेल्या खाद्यातल्या नत्राचा जेमतेम चौथा हिस्सा कोलंबीच्या अंगी लागतो. उरलेला पाण्यात आणि तळाच्या काळ्या गाळात. यावर एक आधुनिक उपाय म्हणजे तळ्यात काकवी घालणे. कर्बाचा पुरवठा वाढला की जीवाणू पाण्यातले नत्र शोषून स्वतः वाढतात, त्यांचे पुंजके कोलंबी खाते, आणि वाया जाणारे नत्र पुन्हा पोटात जाते. याला बायोफ्लॉक म्हणतात.

पण गोमंतकीयाला याहून जुनी गोष्ट आठवायला हवी. आपली खाजने. पावसाळ्यात गोड्या पाण्यावर कोरगुटासारखे खारे सोसणारे भात. कापणी झाली की मानशीतून भरतीचे पाणी आत, आणि त्याबरोबर कोलंबीची व माशांची पिल्ले. भाताच्या कुजत्या धसकटांवर ती पोसली जात, त्यांची विष्ठा चिखलात मुरे, पहिल्या पावसात मीठ धुपून जाई आणि त्याच चिखलात पुढचे भात. कोणाचा टाकाऊ भाग कोणाचे अन्न, हे ठरवायला तिथे ऋतू होते आणि मानशीची दारे होती. गावकारी मानशीवरच्या मासेमारीची पावणी करून त्यातून बांधांची डागडुजी करत असे. पुढे मासळीला भातापेक्षा जास्त पैसा मिळू लागला, तसे काही ठिकाणी खारे पाणी बारमाही आत ठेवले गेले. भात गेले, बांध खचले, आणि चक्राचा एक आरा तुटल्यावर उरला तो नुसता गाळ.

ही ओढ सगळीकडेच आहे. मत्स्यचूर्ण म्हणजे फिशमील करायला चार ते पाच किलो ओली मासळी लागते तेव्हा एक किलो चूर्ण मिळते. जगातल्या अशा चुर्णाचा साधारण तिसरा हिस्सा आता मुंडकी-आतड्यांसारख्या टाकाऊ भागांतून येतो, ही चांगली गोष्ट. उरलेले दोन हिस्से अख्ख्या माशांचे. तारली आणि पेडवे ही गरिबाच्या ताटातली मासळी चूर्णाच्या कारखान्यात जाते, पुष्कळदा पुरती वाढण्याआधीच, आणि तिथून पाळलेल्या, महाग कोलंबीच्या पोटात. कचऱ्याला भाव आला की काय काय कचरा ठरू लागेल, याचा नेम नसतो. म्हणून टाकाऊ भागाला मोल यावे असे म्हणताना मी नेहमी ‘माणसाने खाऊन उरलेल्या’ असे तीन शब्द पुढे जोडतो. कोलंबीची डोकी कुटून, गाळून ते पाणी कालवणात घालणारी बाई या साखळीत पहिली, पिंप तिच्यानंतर.

याच कारणाने शाळेच्या पिंपासाठी बाजारातून माल आणताना आम्ही कापणाऱ्या बायकांना फक्त दोन बादल्या दिल्या. एक मुंडकी-आतड्यांची, दुसरी सालांची. सकाळी बर्फ घालून ठेवायच्या, दुपारी बारापूर्वी मुले उचलणार. बादल्यांवर लावायला मुलांनी पाट्या रंगवल्या. पहिलीवर लिहिले ‘माशांचे अवशेष’, दुसरीवर ‘कवचयुक्त घटक’. बाईंनी नातीकडून त्या वाचून घेतल्या आणि परत पाठवल्या. आता पहिलीवर ‘मुंडकी, आतडी, काटे’ आहे, दुसरीवर ‘सुंगटांची साला’. खाली त्यांनी नातीकरवी खडूने एक ओळ वाढवली आहे : गाबोळी हातूंत घालची न्हय.